बिल्ला ३३०चा, इंजिन दोन लिटरचं!

ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादकरांनी एका फटक्यात दीडशेच्या आसपास मर्सिडीज उचलल्या. सौदा होता ६५ कोटींच्या घरातला. उद्योजक, डॉक्टर, बिल्डर अशी मंडळी एकत्र आली आणि भाजी मंडईत घालतात तशी घासाघीस करून घाऊक भाव पाडून घेतला. बातमी देशभर गाजली. आता जरा हिशेब करा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, म्हणजे त्या ताफ्याची मुदत २०२५ मध्ये भरली. पुन्हा पासिंग करून घ्या, नाहीतर नवी बघा! आज शहराचं नाव छत्रपती संभाजीनगर आहे, आणि बॉनेटखालची दुनियाही तितकीच बदलली आहे. तेव्हा मोठी गाडी म्हणजे मोठं इंजिन, असा सरळ समज होता. आता आलिशान सेडानच्या शोरूममध्ये 'टर्बो आहे का?' असं विचारलंत, तर सेल्समन गालातल्या गालात हसेल. टर्बो जवळजवळ सगळ्यांनाच आहे. कोणता आणि किती, एवढंच ठरवायचं उरलंय.

आकड्यांची थापेबाजी

पंचवीस वर्षांपूर्वीच्या बीएमडब्ल्यू ३३०आय मध्ये खरोखर तीन लिटरचं, सहा सिलिंडरचं इंजिन होतं. ताकद २३१ अश्वशक्ती. आजच्या ३३० मध्ये आहेत दोन लिटर आणि चार सिलिंडर. बिल्ला मात्र तोच. गंमत म्हणजे ताकद वाढून २५८ झालीये, त्यामुळे फसवलं म्हणून भांडायचीही सोय नाही. मर्सिडीजची सी २०० त्याहून पुढे गेली. नावात २००, पोटात १४९६ सीसी, आणि ताकद २०४ अश्वशक्ती.

ऑडीने २०१७ पासून लिटरचा नादच सोडला. तिथे ४०, ४५, ५५ हे आकडे किलोवॅटच्या टप्प्यांवरून ठरतात. ४० म्हणजे १२५ ते १५० किलोवॅट. चाळीसचा आणि दीडशेचा संबंध काय, हे विचारू नका.

या आकडेमोडीचे मूळपुरुषही बीएमडब्ल्यूच. १९८० च्या आसपास त्यांनी ७४५आय काढली. इंजिन ३.२ लिटरचं, त्यावर टर्बो. मग ४५ कुठून आले? शर्यतींच्या नियमांत टर्बो इंजिनाची क्षमता १.४ ने गुणून धरत. ३.२ गुणिले १.४, म्हणजे जवळजवळ साडेचार. झालं नामकरण! पुढची गंमत याहून भारी आहे. तो टर्बो नेमका अशा जागी बसला होता की उजव्या हाताच्या स्टीअरिंगचा दांडा मध्ये यायचा. म्हणून दक्षिण आफ्रिकेसाठी टर्बो काढून थेट एम१ या स्पोर्ट्स कारचं इंजिन बसवलं. तिकडच्या गिऱ्हाइकांनी तक्रार केली असेल असं वाटत नाही.

आणखी दोन थापा ऐकून ठेवा. बीएमडब्ल्यूच्या चार सिलिंडर इंजिनावर 'ट्विनपॉवर टर्बो' लिहिलेलं असतं. आत टर्बो एकच असतो, फक्त त्यात धूर शिरायच्या वाटा दोन. आणि पोर्शे टायकान टर्बो? ती तर विजेवर चालते. टर्बो सोडा, सायलेन्सरसुद्धा नाही.

फुकटच्या धुरावर

टर्बो म्हणजे एका दांड्यावर बसवलेली दोन चक्रं. एक चक्र इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुरावर फिरतं, दुसरं त्याच वेगात बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये कोंबतं. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त जाळता येतं, म्हणून छोट्या इंजिनातून मोठी ताकद निघते. ही चक्रं मिनिटाला दोन लाख फेऱ्यांपर्यंत जातात, तीही हजार अंशांच्या आसपासच्या धुरात.

ही कल्पना आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरची, पेटंट १९०५ चं. पण पहिली वीस वर्षं तिचं फारसं काही झालं नाही. १९२० च्या दशकात दोन जर्मन जहाजांच्या डिझेल इंजिनांना टर्बो लावला, तेव्हा १७५० अश्वशक्तीची २५०० झाली. त्याआधी १९१८ मध्ये अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी विमानाचं इंजिन थेट पाइक्स पीक या १४ हजार फुटी डोंगरावर नेऊन टर्बो तपासला होता. कारण साधं होतं. उंचावर हवा विरळ होते आणि इंजिनाचा दम उखडतो. बिनटर्बोचं इंजिन दर हजार मीटरला साधारण दहा टक्के ताकद गमावतं. महाबळेश्वरला हे फारसं जाणवणार नाही. खारदुंग ला चढताना मात्र जवळजवळ निम्मे घोडे खालीच राहिलेले असतात. टर्बोवाल्याचे बहुतेक सगळे सोबत येतात.

पाणी भरा, पळा!

मोटारीत टर्बो पहिल्यांदा विकायला आला १९६२ मध्ये, अमेरिकेत. शेव्हर्लेची कॉर्वेअर आणि ओल्ड्समोबिलची जेटफायर जवळजवळ एकाच वेळी आल्या. जेटफायरच्या इंजिनात नॉकिंग, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटून होणारी ठोकाठोक, होऊ नये म्हणून पाणी आणि मिथेनॉल यांचं मिश्रण फवारलं जायचं. कंपनीने त्याला ऐटीत 'टर्बो रॉकेट फ्लुइड' म्हटलं होतं. त्याची वेगळी टाकी असायची आणि ती मालकाने भरायची. मालक कुठले भरतायत! टाकी कोरडी पडली की टर्बोचा जोर आपोआप कमी व्हायचा, आणि लोक गाडी ओढत नाही म्हणून कुरकुरायचे. शेवटी कंपनीनेच अनेकांचे टर्बो काढून साधे कार्ब्युरेटर बसवून दिले.

१९७३ मध्ये बीएमडब्ल्यूने फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात २००२ टर्बो मांडली. पुढच्या बाजूला 'टर्बो' ही अक्षरं उलटी, पुढच्या ड्रायव्हरला आरशात सरळ वाचता यावीत म्हणून. आपल्याकडे रुग्णवाहिकेवर असतात तशी. इथे मात्र निरोप होता, 'बाजूला हो'. जर्मनीत एवढी टीका झाली की अक्षरं काढावी लागली. वर तेलसंकट आलं. जेमतेम १६७२ गाड्या बनल्या आणि खेळ आटोपला.

रेनोने १९७७ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये टर्बो उतरवला, तर तो सारखा वाफा सोडायचा. लोकांनी त्या पिवळ्या गाडीला 'पिवळी किटली' म्हणायला सुरुवात केली. १९७९ मध्ये किटलीवाल्यांनी डिजाँची शर्यत जिंकली आणि हसणं थांबलं. १९७८ ची मर्सिडीज ३०० एसडी ही टर्बो डिझेलची पहिली मोटार, पण ती जर्मनांना मिळालीच नाही. अमेरिकेच्या मायलेजच्या नियमांसाठी बनवली आणि तिकडेच विकली.

टर्बोचा खरा बाप: करखातं

इटलीत एके काळी दोन लिटरच्या वरच्या गाडीवर ३८ टक्के कर होता. मग फेरारीनेसुद्धा दोन लिटरची २०८ काढली. ती इतकी मवाळ निघाली की १९८२ मध्ये तिला टर्बो लावून सावरावं लागलं. मासेरातीने तर दोन टर्बो लावले आणि गाडीचं नावच 'बायटर्बो' ठेवलं. बाजारात आलेली दोन टर्बोंची ती पहिली मोटार.

आपण काही कमी नाही. डिसेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरात दोन लिटर आणि त्यावरच्या डिझेल गाड्यांची नोंदणी थांबवली. महिंद्राने लगेच २.२ लिटरचं इंजिन छाटून १.९९ चं केलं. नियमाला जागले, गाड्याही विकल्या. जीएसटीतही दीड लिटरची रेघ होती. चार मीटरहून लांब सेडानला रेघेच्या आत उपकरासह ४५ टक्के, बाहेर ४८. २२ सप्टेंबर २०२५ पासून दोघींना सरसकट ४० टक्के झाले. म्हणजे कर वाचतो म्हणून लहान इंजिन घ्या, हा युक्तिवाद आता बाद. आरटीओत मात्र महाराष्ट्रात डिझेलला पेट्रोलपेक्षा दोन टक्के जास्त मोजावे लागतात. गाडी कंपनीच्या नावावर घेणार असाल तर सीएला आधी फोन लावा, तिथला दर आणखी चढा आहे.

मग घ्यायची कुठली?

मर्सिडीजची जुळणी पुण्यात १९९५ पासून होते. पहिली ई-क्लास टेल्कोच्या आवारात जोडली गेली, आता चाकणला. ऑडीच्या गाड्या संभाजीनगरच्या शेंद्र्यात जोडल्या जातात, बीएमडब्ल्यू चेन्नईजवळ. तेव्हा 'इम्पोर्टेड आहे' हा दिमाख विसरा आणि इंजिनाकडे बघा.

ई-क्लासचंच उदाहरण घेऊ. ई २०० पेट्रोल २०४ अश्वशक्ती देते आणि ३२० न्यूटन मीटर टॉर्क. ई २२०डी डिझेलची ताकद जवळजवळ तेवढीच, पण टॉर्क ४४० आणि तोही कमी फेऱ्यांवर. घाटात चार माणसं आणि भरलेली डिकी घेऊन ओव्हरटेक करताना कामाला येतो तो हाच आकडा. ई ४५० मध्ये सहा सिलिंडर आणि ३८१ अश्वशक्ती. छान आहे. पण समृद्धी महामार्गावर वेगमर्यादा १२०, मुंबई-पुणे द्रुतगतीवर १००. उरलेले घोडे चरायला कुठे सोडणार?

स्वतः चालवायची हौस असेल तर गोष्ट वेगळी. बीएमडब्ल्यू एम३४०आय तीन लिटरची, सहा सिलिंडरची, ३७४ अश्वशक्तीची. शून्यापासून शंभरला ४.४ सेकंदांत जाते, आणि तीसुद्धा चेन्नईतच जुळते. सहा सिलिंडरचं इंजिन ज्या मऊपणाने फिरतं, तो मऊपणा टर्बो लावून चारात आणता येत नाही. मर्सिडीजने सी ६३ मध्ये प्रयत्न केला. आठ सिलिंडर काढून चार ठेवले, विजेची मोटर जोडली, टर्बोलाही वीज दिली आणि एकूण ६८० अश्वशक्ती काढली. चाहते तरीही रुसले, कारण तो आवाज गेला. आवाजाचं म्हणाल, तर बीएमडब्ल्यूने २०११ च्या एम५ पासून इंजिनाचा आवाज केबिनच्या स्पीकरमधून ऐकवायला सुरुवात केली. लाइव्ह मैफलीत कॅसेट!

डिझेल हवं असेल तर ऑडीकडे जाऊ नका, एप्रिल २०२० पासून त्यांनी भारतात डिझेल बंद केलं आहे. टर्बोच नको असेल तर लेक्सस ईएस ३००एच बघा. अडीच लिटरचं साधं इंजिन आणि हायब्रिड मोटर, जुळणी कर्नाटकातल्या बिडदीत. शहरात चालवायला माझ्या मते सगळ्यांत शांत गाडी हीच, पण घाटात जोर मागितलात की इंजिन जरा आरडाओरडा करतं.

माझा कौल असा. गाडी ड्रायव्हर चालवणार आणि तुम्ही मागे बसणार असाल, तर दोन लिटरचं टर्बो पेट्रोल भरपूर झालं. वाचलेले पैसे लांब व्हीलबेसला द्या. महिन्याला हजारो किलोमीटर हायवे असेल तर डिझेल. सहा सिलिंडर फक्त स्वतःच्या हाताने चालवणाऱ्यानेच घ्यावेत. टेस्ट ड्राइव्हला सेल्समन मोकळ्या रस्त्यावर नेईल, तुम्ही ट्रॅफिकमध्ये न्या. ताशी वीसच्या वेगात असताना ॲक्सिलरेटर अर्धा दाबा आणि गाडी विचार करत बसते का ते बघा. पेट्रोलचं झाकण उघडून आतल्या स्टिकरवर किती ऑक्टेन मागितलंय तेही वाचा, बहुतेक ठिकाणी ९५ लिहिलेलं असेल. आणि रोज मागे बसणाऱ्या माणसाला सोबत नेल्याशिवाय बुकिंगचा चेक फाडू नका.