भांडी, भांडण आणि करुणा

हातातल्या कामात मन असणे म्हणजे सजगता. श्वास चालू आहे, पाऊल जमिनीवर पडते आहे, समोरच्याचा आवाज चढतो आहे आणि आपल्याही छातीत काही तापू लागले आहे, हे घडत असतानाच कळणे. करुणा म्हणजे दुसऱ्याचे दुःख ओळखून ते हलके करण्याची इच्छा, आणि त्यासाठी लागणारी कुवतही. बौद्ध परंपरेत दोन्ही गोष्टी फार जुन्या आहेत. पाली साहित्यातील सतिपट्ठान सुत्तात शरीर, वेदना, चित्त आणि धम्म या चार ठिकाणी लक्ष ठेवण्याची रीत सांगितली आहे. आनापानसति सुत्तात श्वासाचे सोळा अभ्यास येतात. मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा या चार ब्रह्मविहारांची नावे तर पतंजलीच्या योगसूत्रांतही याच क्रमाने आढळतात. मराठी वाचकाला यात परके असे काही नाही. विसाव्या शतकात व्हिएतनाममधल्या एका भिक्षूने मात्र ही साधना ध्यानगृहातून उचलली आणि मोरीत, शेतात, नवरा-बायकोच्या भांडणात नेऊन बसवली. त्याने घडवलेली दिनचर्या आज बऱ्याच देशांत पाळली जाते.

या भिक्षूचे नाव थिक न्हात हान्ह. जन्म ११ ऑक्टोबर १९२६ चा, मध्य व्हिएतनाममधील ह्वे शहरातला. सोळाव्या वर्षी ते तिथल्याच तू हियू विहारात श्रामणेर झाले. पुढे अमेरिकेत प्रिन्स्टनमध्ये त्यांनी अभ्यास केला, कोलंबिया विद्यापीठात शिकवले आणि युद्ध पेटत असताना ते मायदेशी परतले. तेव्हा विहारांपुढे पेच होता. बाहेर गावे बाँबने उद्ध्वस्त होत असताना भिक्षूंनी आत डोळे मिटून बसावे, की बसणे सोडून लोकांच्या मदतीला धावावे? दोन्ही एकाच वेळी करता आले पाहिजे, असे न्हात हान्ह यांचे उत्तर होते. १९६५ मध्ये त्यांनी समाजसेवेसाठी तरुणांची एक शाळा उभी केली. तिथले तरुण-तरुणी खेड्यांत जाऊन शाळा काढत, दवाखाने चालवत, उजाड झालेली गावे पुन्हा बांधत. ते कोणत्याच बाजूचे नव्हते, त्यामुळे दोन्ही बाजूंना त्यांचा संशय येई. त्यांतले काही मारले गेले.

५ फेब्रुवारी १९६६ रोजी तीन स्त्रिया आणि तीन पुरुष अशा सहा कार्यकर्त्यांना दीक्षा देऊन न्हात हान्ह यांनी एक छोटा संघ स्थापला. त्याची शीले चौदा आहेत. पहिलेच शील असे, की कोणत्याही मताला, अगदी बौद्ध मतालाही, अंतिम सत्य मानून त्याच्यासाठी लढू नये. मतांपायी माणसे मरत असलेल्या देशात हे शील पहिल्या क्रमांकावर आले, यात नवल नाही. त्या सहा जणांपैकी न्हात ची माई या तरुणीने १६ मे १९६७ रोजी शांततेसाठी आत्मदहन केले. दुसरी, काओ न्गोक फुओंग, पुढे चान खोंग या नावाने भिक्षुणी झाली आणि आयुष्यभर गुरूंच्या कामाची धुरा वाहत राहिली.

१९६६ मध्येच न्हात हान्ह युद्धविरामाची बाजू मांडायला अमेरिकेत गेले आणि मायदेशाचे दार त्यांना बंद झाले. ते उघडायला ३९ वर्षे लागली. याच दौऱ्यात मार्टिन ल्यूथर किंग यांच्याशी त्यांची भेट झाली. जानेवारी १९६७ मध्ये किंग यांनी नोबेल शांतता पुरस्कारासाठी त्यांचे नाव सुचवले. त्या वर्षी तो पुरस्कार कोणालाच दिला गेला नाही.

सजगतेवरचे त्यांचे सर्वांत गाजलेले पुस्तक 'द मिरॅकल ऑफ माइंडफुलनेस' हे मुळात १९७४ मध्ये लिहिलेले एक लांबलचक पत्र होते. ते मायदेशातल्या शाळेच्या एका प्रमुख कार्यकर्त्याला व्हिएतनामी भाषेत लिहिलेले होते. ज्यांच्यासाठी ते लिहिले ती माणसे थकलेली होती, सहकाऱ्यांचे मरण पाहिलेली होती, आणि तासन्‌तास मांडी घालून बसायला त्यांना सवड नव्हती. म्हणून त्या पत्रात भांडी घासणे, चहा करणे, अंघोळ करणे, संत्रे सोलून खाणे हेच अभ्यास म्हणून येतात. भांडी लवकर उरकून चहा प्यायचा, अशा घाईने भांडी घासणारा माणूस चहा पितानाही पुढच्याच कामात असतो, एवढा साधा मुद्दा तिथे मांडला आहे. आज हेच तंत्र ऑफिसातला ताण घालवायचा उपाय म्हणून विकले जाते. ते कोणत्या परिस्थितीत घडले हे माहीत असले, तर त्याचे वजन वेगळे वाटते.

फ्रान्सच्या नैर्ऋत्येला, बोर्दोपासून फार दूर नसलेल्या शेतीच्या मुलखात १९८२ मध्ये 'प्लम व्हिलेज' हा विहार सुरू झाला. तिथे आलुबुखाराची १,२५० झाडे लावली गेली. बुद्धाच्या आरंभीच्या संघात तेवढे भिक्षू होते, अशी परंपरा आहे. भिक्षू, भिक्षुणी आणि गृहस्थ तिथे एकाच वेळापत्रकाने राहतात, आणि या वेळापत्रकातच सगळी युक्ती आहे. घंटा वाजली की जो तो हातातले काम आणि तोंडातले वाक्य जिथल्या तिथे थांबवतो, तीन श्वास घेतो आणि मग पुढे जातो. भोजनगृहातले घड्याळ दर पंधरा मिनिटांनी वाजते, तेव्हाही हेच. टेलिफोनची घंटासुद्धा सुटत नाही. ती दोन-तीनदा वाजू द्यायची, श्वास घ्यायचा, मग फोन उचलायचा. जेवणाच्या आधी हे अन्न कुठून आले, किती जणांच्या कष्टांतून आले याचे स्मरण होते आणि निदान पहिला काही वेळ सगळे न बोलता जेवतात. आपल्याकडे पंगतीत 'वदनी कवळ' म्हणण्याची पद्धत होती, तिच्याशी याचे नाते सहज जुळते. चालण्याचे ध्यान बहुधा सगळे मिळून करतात: एका श्वासात दोन-तीन पावले, तसेच उच्छ्वासात. आठवड्यातला एक दिवस 'आळशी दिवस' असतो. त्या दिवशी कार्यक्रम काहीच नसतो, आणि सवयीने धावणाऱ्यांना तोच सर्वांत जड जातो.

एकट्याच्या निश्चयावर फार भरवसा ठेवू नये, हा या व्यवस्थेमागचा विचार. घरी एकट्याने केलेला संकल्प आठवडाभरात विरतो. नव्व्याण्णव माणसे एकदम थांबतात तेव्हा मात्र शंभरावा न थांबता राहू शकत नाही.

करुणेचा प्रश्न न्हात हान्ह यांच्यापुढे सर्वांत कठोर रूपात आला तो समुद्रावर. युद्ध संपल्यावर हजारो व्हिएतनामी लोक होड्यांतून देश सोडून निघाले. १९७६-७७ मध्ये न्हात हान्ह आणि चान खोंग यांनी सिंगापूरहून जहाजे भाड्याने घेऊन त्यांना वाचवायचा प्रयत्न केला. सयामच्या आखातात चाचे या होड्या लुटत आणि बायका-मुलींवर अत्याचार करत. अशाच एका लहान मुलीने अत्याचारानंतर समुद्रात उडी घेतल्याची बातमी न्हात हान्ह यांच्याकडे आली. त्या मुलीची बाजू घेणे सोपे होते. त्यांनी स्वतःला पुढचा प्रश्न घातला: त्या चाच्याच्याच गावात, त्याच दारिद्र्यात, शाळेवाचून आपण वाढलो असतो तर काय झालो असतो? या चिंतनातून 'कॉल मी बाय माय ट्रू नेम्स' ही कविता आली, आणि तिच्यात मुलगी आणि चाचा दोघेही आहेत. याचा अर्थ गुन्हा पोटात घालणे असा होत नाही. कारणे दिसली तरच ती दूर करता येतात, आणि द्वेषाने डोळे भरले असतील तर कारणे दिसत नाहीत, असा हा युक्तिवाद आहे. तो सगळ्यांना पटेलच असे नाही. अत्याचार सोसलेल्या माणसाकडे अशा समजुतीची मागणी दुसऱ्या कोणी करणे तर क्रूरच ठरेल.

रोजच्या जगण्यात करुणेची परीक्षा चाच्यांपेक्षा जवळच्या माणसांपुढेच जास्त होते. या परंपरेचे सर्वांत मौलिक काम इथे आहे, आणि त्याचीच चर्चा सर्वांत कमी होते. विहारात ठरावीक दिवसांनी 'नव्याने सुरुवात' नावाची बैठक भरते. गोलाच्या मध्ये फुलदाणी असते. ज्याला बोलायचे तो उठतो, नमस्कार करतो, फुलदाणी आपल्याजवळ आणतो. ती परत जागेवर जाईपर्यंत दुसरे कोणीही तोंड उघडत नाही; खुलासा नाही, प्रत्युत्तर नाही. बोलण्याचा क्रम ठरलेला असतो. आधी समोरच्याचे जे चांगले वाटले ते, आणि तेही नेमकेपणाने: 'तू फार चांगला आहेस' असे नव्हे, तर 'मंगळवारी मला ताप होता तेव्हा तू माझी पाळी केलीस' असे. मग स्वतःच्या वागण्यातली खंत. त्यानंतर मनाला लागलेले शल्य. शल्य फार खोल असेल तर तेवढ्यापुरते ते बाजूला ठेवून नंतर, तिसऱ्या माणसाला साक्षी ठेवून बोलण्याची मुभा आहे.

चांगले आधी बोलण्याला केवळ शिष्टाचार म्हणून जागा दिलेली नाही. बौद्ध आचार्य वसुबंधूच्या विज्ञानवादात चित्ताच्या तळाशी असलेल्या आलयविज्ञानात सर्व प्रवृत्तींची बीजे असतात. रागाचे बीज आहे तसे मायेचेही आहे, आणि ज्याला पाणी मिळेल ते वर येते. बैठकीचा पहिला भाग म्हणजे या पाणी घालण्याची तजवीज.

जोडप्यांसाठी आणि कुटुंबांसाठी एक लेखी 'शांतता करार'ही आहे. राग आला की आगीत तेल ओतणारे काही बोलायचे वा करायचे नाही. पण राग गिळूनही टाकायचा नाही. आपण दुखावलो आहोत हे चोवीस तासांच्या आत समोरच्याला शांतपणे, तोंडी किंवा चिठ्ठीने, कळवायचे आणि आठवड्याच्या शेवटी, साधारण शुक्रवारी संध्याकाळी, भेट ठरवायची. मधल्या दिवसांत दोघांनी आपापला वाटा तपासायचा. अबोला धरण्याची कला ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या जोपासली गेली आहे, तिथे चोवीस तासांचे कलम सर्वांत अवघड ठरावे.

विहाराबाहेर हा विचार वेगवेगळ्या वाटांनी गेला. अमेरिकेत जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या रुग्णालयात ताण आणि जुनाट वेदनांसाठी आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम सुरू केला. त्याच्यावरच्या त्यांच्या पुस्तकाला न्हात हान्ह यांची प्रस्तावना आहे. व्हिएतनाममध्ये लढलेल्या अमेरिकन सैनिकांसाठी शिबिरे झाली, आणि २००३ मध्ये विस्कॉन्सिनमध्ये पोलिसांसाठी शिबिर झाले. महाराष्ट्रात सजगतेची ओळख झाली ती मुख्यतः दुसऱ्या वाटेने. सत्यनारायण गोयंका यांनी ब्रह्मदेशात सयाजी ऊ बा खिन यांच्याकडून शिकलेली विपश्यना १९६९ पासून भारतात शिकवली, आणि इगतपुरीचे धम्मगिरी १९७६ पासून तिचे मुख्य केंद्र झाले. दोन्हींचे मूळ सतिपट्ठानात आहे. रीत मात्र वेगळी आहे. इगतपुरीत दहा दिवस मौन पाळून साधक आपल्या आत उतरतो, शेवटी मंगल मैत्रीचा अभ्यास करून घरी येतो आणि पुढची साधना घरी चालवतो. प्लम व्हिलेजमध्ये कामे, जेवण, हसणे, रुसणे हेच साधनेचे साहित्य असते आणि ते सगळ्यांच्या संगतीने वापरायचे असते.

दोन्हींना मर्यादा आहेत. तीव्र मानसिक आजार किंवा मोठा आघात सोसलेल्या माणसाला डोळे मिटून लांबवर बसणे त्रासदायक ठरू शकते, त्याने डॉक्टरांच्या सल्ल्यानेच पुढे जावे. शिवाय लक्ष एकाग्र करण्याचे कौशल्य शीलांपासून सोडवून घेतले, तर ते कोणत्याही कामाला जुंपता येते. प्लम व्हिलेजने म्हणूनच पाच शीले साधनेला घट्ट बांधून ठेवली आहेत. त्यांतले पाचवे केवळ मद्यापुरते नाही. काय वाचतो, काय पाहतो, कोणत्या गप्पांत रमतो हेही त्यात 'सेवना'त मोडते.

न्हात हान्ह यांना २०१४ मध्ये मेंदूतील रक्तस्रावाचा झटका आला आणि त्यांची वाचा गेली. २०१८ मध्ये ते तू हियू विहारात परतले आणि २२ जानेवारी २०२२ रोजी, वयाच्या ९५ व्या वर्षी तिथेच गेले. आपल्या जागी त्यांनी कोणा एकाला बसवले नाही. विहारांचा कारभार भिक्षू-भिक्षुणींच्या मंडळांकडे आहे. विहाराबाहेर गृहस्थांचे स्थानिक गट आठवड्याला किंवा पंधरवड्याला कोणाच्या तरी घरी जमतात. काही वेळ बसणे, थोडे चालणे, एखादे वाचन आणि मग मनातले बोलणे, एवढाच त्यांचा कार्यक्रम. बोलणाऱ्याला मध्येच अडवायचे नाही, न मागता सल्ला द्यायचा नाही, आणि तिथे ऐकलेले बाहेर सांगायचे नाही.