चेंबर बंद करण्यापूर्वी...

ओसरीवर गोणपाट अंथरलेलं. त्यावर ओळीनं मांडलेले नट-बोल्ट, डिझेलच्या डब्यात भिजत घातलेले सुटे भाग आणि मधोमध लाकडी ठोकळ्यांवर उलटं ठेवलेलं इंजिन. काही वर्षांपूर्वी नारायणगावच्या आमच्या घरी सलग नऊ दिवस हे दृश्य होतं. ट्रक माझ्या थोरल्या भावाचा, म्हणजे दादाचा. त्याच्याच भाड्यावर घर चालायचं आणि बँकेचा हप्ताही त्यातूनच जायचा. ट्रक उभा म्हणजे घर उभं, असा सरळ हिशेब!

इंजिन खोलायची वेळ आली ती थेंब थेंब गळणाऱ्या ऑइलमुळे. आधी एका गॅरेजमध्ये चेंबर उघडून पुन्हा बसवला होता. तेव्हापासून रोज सकाळी गाडीखाली तळहाताएवढा काळा डाग दिसायचा. 'जुनी गाडी आहे, थोडं गळणारच,' असं म्हणून आम्ही त्याच्याकडे काणाडोळा केला. एका रात्री वाशीच्या बाजारात टोमॅटो उतरवून दादा रिकामे क्रेट घेऊन परतत होता. माळशेज घाटाच्या चढावर ऑइल प्रेशरचा काटा खाली आला. 'पुढच्या वळणावर जागा बघून थांबू,' असं त्यानं ठरवलं. त्या वळणाआधीच इंजिन जाम झालं.

हा चेंबर असतो तरी काय?

इंजिनच्या अगदी तळाशी परातीसारखा एक पत्र्याचा भाग असतो. पुस्तकात त्याला ऑइल पॅन किंवा ऑइल संप म्हणतात, मिस्त्री लोक 'चेंबर' म्हणतात. इंजिनचं सगळं ऑइल त्यात साठतं. पंप ते जाळीतून ओढतो आणि क्रँक, बेअरिंग, पिस्टनपर्यंत पोचवतो. फिरणाऱ्या दोन धातूंमध्ये ऑइलचा पातळ थर राहतो, म्हणून ते एकमेकांना घासत नाहीत. चढावर गाडी कलली की ऑइल एका बाजूला सरकतं. पातळी आधीच उतरलेली असेल तर जाळी उघडी पडते आणि पंप ऑइलऐवजी हवा ओढू लागतो. मग बेअरिंग जळायला फार वेळ लागत नाही.

१९५४ साली जमशेदपूरला टेल्कोनं डायमलर-बेंझच्या सहकार्यानं ट्रक बनवायला सुरुवात केली. पुढे गावोगावी असे मिस्त्री तयार झाले, की ज्यांनी कॉलेजची पायरी चढली नाही, पण इंजिनचा आवाज ऐकून दुखणं सांगतात. आमचे मिस्त्री त्यातलेच. बोअर आणि क्रँकचं काम लेथवर करून आणलं. बाकी इंजिन घरीच बांधायचं ठरलं, तेवढीच मजुरी वाचणार होती. मिस्त्री संध्याकाळी यायचे, दिवसभर दादा आणि अण्णा त्यांनी नेमून दिलेलं काम करायचे.

कणकेचा गोळा

चेंबर बसवणं हे तसं शेवटचं आणि सोपं काम. म्हणूनच तिथे घाई होते. मिस्त्री म्हणाले, "अण्णा, चेंबर म्हणजे पेटीचं झाकण. एकदा लावलं की आत काय राहिलं ते देवालाच ठाऊक. लावायच्या आधी सगळं बघून घ्या."

त्यांनी प्रत्येक बेअरिंग कॅपचा बोल्ट टॉर्क पान्यानं पुन्हा तपासला. क्रँक हातानं फिरवून पाहिली. मग वहिनीकडे कणकेचा लहानसा गोळा मागितला! तो ऑइलच्या जाळीवर चिकटवून, पॅकिंग ठेवून, चेंबर वरून दाबला आणि उचलला. दबलेल्या कणकेची जाडी मोजली. जाळी आणि चेंबरचा तळ यांत साधारण पाव इंच ते तीन-अष्टमांश इंच अंतर लागतं, प्रत्येक इंजिनचा नेमका आकडा त्याच्या पुस्तकात असतो. अंतर कमी असेल तर ऑइल ओढलं जात नाही, फार जास्त असेल तर चढावर जाळी उघडी पडते. माप झाल्यावर कणीक पुसून काढली.

चेंबरची कडा तपासताना गळतीचं मूळही सापडलं. मागच्या वेळी बोल्ट जरुरीपेक्षा जास्त आवळल्यानं भोकांभोवतीचा पत्रा फुगला होता. अशी कडा पॅकिंगवर सारखी टेकत नाही. मिस्त्रींनी ती लाकडी ठोकळ्यावर ठेवून हलक्या हातानं ठोकून सपाट केली.

एक वायसर कमी!

दुसऱ्या दिवशी दुपारी दादानं चेंबर बसवला. सगळे बोल्ट आधी हातानं लावले, मग मधून दोन्ही टोकांकडे, आलटून पालटून, तीन टप्प्यांत आवळले. अगदी सांगितल्याप्रमाणे. अण्णा ताटलीतले उरलेले भाग मोजत होते. चोवीस बोल्टांसाठी सव्वीस वायसर आणले होते, म्हणजे दोन उरायला हवे होते. ताटलीत एकच होता.

"आत पडला असेल तर?" अण्णांनी विचारलं.

"अण्णा, परवाच्या भाड्याचा शब्द दिलाय मी. आता उघडलं तर पॅकिंगही नवं लागेल," दादा म्हणाला.

"पॅकिंग बाजारात मिळतं रे," अण्णा म्हणाले, "दुसरं इंजिन घ्यायची आपली ऐपत नाही."

चेंबर पुन्हा उघडला. आत वायसर नव्हता. पण जे दिसलं ते पाहून संध्याकाळी मिस्त्रींनीही कपाळाला हात लावला. गळतीच्या धास्तीनं दादानं सिलिकॉनचा लेप सढळ हातानं लावला होता. बोल्ट आवळताच तो आतल्या बाजूला जाड दोरीसारखा बाहेर आला होता. तोच तुकडा सुटून जाळीत अडकला असता, तर ऑइल असूनही इंजिन कोरडं पडलं असतं. "लेप फक्त कोपऱ्यांत आणि जोडावर, तोही पातळ," मिस्त्री म्हणाले.

वायसर दुसऱ्या दिवशी गोणपाटाच्या घडीत सापडला. भाडं मात्र गेलं.

हे विसरू नका

• लेप वाळायला पुरता वेळ द्या. सिलिकॉनला बहुधा २४ तास लागतात.
• डिझेल इंजिन सुरू करण्याआधी स्टॉप ओढून थोडं थोडं स्टार्टर मारा. ऑइलचा काटा वर आल्यावरच इंजिन चालू करा.
• नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नका. खाली भक्कम घोडे लावा.
• जुनं ऑइल गटारात किंवा शेतात ओतू नका. कायद्यानं तो घातक कचरा आहे, तो नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच जायला हवा.

इंजिन चढवून ट्रक सुरू झाला, त्या रात्री वहिनीनं गाडीखाली जुनं वर्तमानपत्र अंथरलं. सकाळी ते कोरडं होतं. पुढे कित्येक दिवस तिनं हा नेम सोडला नाही. डाग तळहाताएवढा होण्याची वाट पाहायची नसते, हे आमच्या घरानं मोठी किंमत मोजून शिकलं होतं.