जनुकांच्या कामाची मोजदाद: घरच्या लॅपटॉपवर पहिली पावले

आपल्या वस्त्यांमधली मुले-मुली आता बीएस्सी, बायोटेक्नॉलॉजी, मायक्रोबायोलॉजी, डीएमएलटी अशा वाटांनी शिकत आहेत. त्यांच्या वह्यांमधून घरात नवे शब्द येतात. त्यातलाच एक म्हणजे 'जीन एक्स्प्रेशन'. हे शिकायला महागडा क्लास लावावा का, असे पालक आम्हाला विचारतात. आमचे सांगणे असे की, आधी फी भरू नका. या कामाची जगभर वापरली जाणारी मुख्य सॉफ्टवेअर फुकट आहेत आणि सरावाची माहितीही फुकट मिळते. लागतो तो वेळ आणि चिकाटी.

जनुकाचे काम म्हणजे काय?

सरकारी दवाखान्यात औषधांची यादी एकच असते. तीच प्रत्येक वॉर्डात टांगलेली असते. पण बाळंतिणींच्या वॉर्डातून स्टोअरला जाणाऱ्या चिठ्ठ्या वेगळ्या आणि हाडांच्या वॉर्डातून जाणाऱ्या वेगळ्या. एका दिवसाच्या चिठ्ठ्या मोजल्या, तर त्या वॉर्डात काय चालले आहे ते कळते.

शरीरातही असेच आहे. जवळजवळ प्रत्येक पेशीत जनुकांची यादी सारखीच असते. प्रथिने बनवणारी जनुके साधारण २०,००० आहेत. पण यकृताची पेशी काही जनुके कामाला लावते आणि फुप्फुसाची पेशी दुसरीच. जनुक कामाला लागले की त्याच्या चिठ्ठ्या निघतात. या चिठ्ठ्यांना आरएनए म्हणतात. कोणत्या जनुकाच्या किती चिठ्ठ्या निघाल्या हे यंत्र मोजते आणि त्या आकड्यांतून अर्थ सॉफ्टवेअर काढते.

आपल्या घराशी याचा संबंध

विदर्भातल्या आपल्या समाजाला सिकलसेल हा आजार नवा नाही. त्यात हिमोग्लोबिन बनवणाऱ्या एका जनुकाच्या मजकुरातच एका अक्षराचा बदल असतो. पण बाळ पोटात असताना गर्भाचे हिमोग्लोबिन बनवणारे दुसरे जनुक जोरात काम करत असते. जन्मानंतर ते हळूहळू मंदावते. म्हणून सिकलसेलच्या बाळाला पहिले काही महिने सहसा त्रास दिसत नाही.

डॉक्टर देतात त्या हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळीने गर्भाच्या हिमोग्लोबिनचे प्रमाण पुन्हा वाढते. हे जनुक कोण दाबून ठेवतो, याचा शोध घेताना संशोधकांना 'बीसीएल११ए' हे जनुक सापडले. त्यावर आधारलेल्या 'कॅसजेव्ही' या उपचाराला २०२३ साली ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळाली. जनुकाचा मजकूर वाचणे आणि जनुकाचे काम मोजणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यातून ध्यानात येईल.

काय काय लागते?

साधा लॅपटॉप पुरतो. ८ जीबी रॅम असली तर उत्तम.

१. 'आर' ही संगणकाची भाषा. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी ती सुरू केली. फुकट आहे.

२. 'आर-स्टुडिओ'. 'आर'मध्ये काम सोपे व्हावे म्हणून ही खिडकी. हिची फुकट आवृत्ती घ्यावी.

३. 'बायोकंडक्टर'. जीवशास्त्राच्या कामासाठी २००१ साली सुरू झालेला हा सॉफ्टवेअरचा साठा आहे. त्यातले 'डीसेक-२' हे पॅकेज आपल्याला हवे.

लॅपटॉप नसेल तर 'गॅलॅक्सी' नावाची सोय आहे. कॉलेजच्या संगणकावर ब्राउझर उघडून खाते काढायचे. गणित त्यांच्या मोठ्या संगणकांवर होते आणि आज्ञा लिहाव्या लागत नाहीत. धडेही तिथेच मिळतात.

पहिला सराव: दम्याचे औषध

डेक्सामेथासोन हे इंजेक्शन आमच्या रोजच्या ओळखीचे. २०१४ साली अमेरिकेतील संशोधकांनी चार जणांच्या श्वासनलिकेच्या स्नायूंच्या पेशी घेतल्या. प्रत्येकाच्या पेशींचे दोन भाग केले. एका भागाला डेक्सामेथासोन १८ तास दिले, दुसऱ्याला दिले नाही. असे ८ नमुने झाले. त्यांचे आकडे बायोकंडक्टरमध्ये 'एअरवे' या नावाने तयार मिळतात.

यंत्रातून निघालेल्या मूळ फाइली फार मोठ्या असतात, त्यांच्यापासून सुरुवात करू नये. 'एअरवे'त मोजणीचा तक्ता तयार आहे. प्रत्येक जनुकाची एक ओळ आणि प्रत्येक नमुन्याचा एक रकाना. तो 'डीसेक-२'ला दिला की काही मिनिटांत निकाल येतो. 'डीयूएसपी१' आणि 'पीईआर१' ही जनुके औषधाने वाढलेली दिसली पाहिजेत, कारण स्टेरॉइडने ती वाढतात हे आधीपासून माहीत आहे. ती दिसली तर आपली वाट बरोबर आहे असे समजावे.

इथे पाय घसरतो

पहिले: कच्चे आकडेच द्यावेत. २,००० लोकांच्या वस्तीत २० रुग्ण आणि ५,००० च्या वस्तीत ३० रुग्ण असतील, तर आजार कुठे जास्त? पहिल्या वस्तीत. तसेच एका नमुन्यात यंत्राने जास्त चिठ्ठ्या वाचलेल्या असतात, दुसऱ्यात कमी. हा फरक 'डीसेक-२' स्वतः सावरून घेते. आपण आधीच सावरलेले आकडे दिले तर सगळा हिशेब चुकतो.

दुसरे: तुलना कशाशी, ते सांगावे. 'एअरवे'मध्ये औषध दिलेल्यांचे नाव इंग्रजी वर्णक्रमात आधी येते, म्हणून 'आर' त्यांनाच मूळ गट धरते. बदलले नाही तर वाढलेले जनुक घटलेले दिसेल.

तिसरे: कोणता नमुना कोणत्या माणसाचा, हेही सांगावे. माणसामाणसांत फरक असतोच. प्रत्येकाची तुलना त्याच्या स्वतःशी झाली, तर औषधाचा परिणाम स्वच्छ दिसतो.

चौथे: एकेका नमुन्यावर निष्कर्ष काढू नये. प्रत्येक गटात निदान तीन नमुने हवेत. औषधाचे सगळे नमुने सोमवारी आणि बिनऔषधाचे सगळे गुरुवारी तपासले असतील, तर फरक औषधाचा की दिवसाचा हे कोणतेही सॉफ्टवेअर सांगू शकत नाही.

निकाल वाचताना

एका रकान्यात बदल किती पट झाला ते असते, पण लॉग पद्धतीने. १ म्हणजे दुप्पट, २ म्हणजे चौपट, उणे १ म्हणजे निम्मे.

दुसरा रकाना पी-मूल्याचा. इथे जपून. २०,००० जनुके एकदम तपासली आणि ०.०५ ची रेघ ठेवली, तर औषधाचा काहीच परिणाम नसतानाही निव्वळ योगायोगाने सुमारे १,००० जनुके बदललेली दिसतील. म्हणून 'पी-ॲडजस्टेड' हा दुरुस्त केलेला रकानाच पाहावा.

आणि जनुकाचे काम बदलले म्हणजे आजाराचे कारण सापडले, असे होत नाही. तो फक्त पुढच्या तपासाचा धागा असतो. अशा यादीवरून कोणाचेही औषध सुरू किंवा बंद करू नये.

शेवटी

सराव झाल्यावर 'जीईओ' या अमेरिकन सरकारी भांडारात जावे. २००० सालापासून जगभरच्या प्रयोगांचे आकडे तिथे ठेवले जातात. सिकलसेलवरचे प्रयोगही आहेत. मात्र जगातल्या जनुकीय माहितीत युरोपीय वंशाच्या लोकांचा वाटा फार मोठा आहे, आपल्यासारख्यांचा थोडा. आपल्या आजारांवर प्रश्न विचारणारी माणसे आपल्यातूनही तयार झाली पाहिजेत, ते यासाठीच.

नातेवाइकांचे रिपोर्ट किंवा नावे सरावासाठी कुठेही अपलोड करू नयेत. आणि सिकलसेलची शंका असेल तर या सॉफ्टवेअरचा उपयोग नाही. आरोग्य केंद्रात सोल्युबिलिटी चाचणी करावी, पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीने खात्री करावी. लग्नाआधी आणि गरोदरपणाच्या सुरुवातीलाच ही तपासणी झालेली बरी.

दोघा-तिघांनी मिळून शिकावे. रविवारी विहारात किंवा अभ्यासिकेत दोन तास बसले आणि एक लॅपटॉप असला तरी पुरे. 'एअरवे'चा पहिला निकाल महिन्याभरात हाती यायला हरकत नाही.