सिलॅबस नांवाचें करारपत्र
(अमेरिकेंतील कॉलेजच्या बीजगणिताच्या एका वर्गाची ओळख)

परदेशीं शिकावयास जाऊं इच्छिणारे विद्यार्थी व त्यांचे पालक आमच्याकडे सल्ला विचारण्यास येतात, तेव्हां त्यांचे प्रश्न बहुधा ठराविक असतात. फी किती पडेल, थंडी किती असते, वरणभाताची सोय होईल कीं नाहीं. तेथील वर्गाचे नियम कोणते, हा प्रश्न मात्र आम्हांस आजवर क्वचितच कोणीं विचारला. वस्तुतः आपला मुलगा किंवा मुलगी तेथें टिकते कीं नाहीं, हें वरणभातापेक्षां या नियमांवर अधिक अवलंबून असतें. म्हणून अमेरिकेंतील कॉलेजाचा एकच वर्ग उदाहरणादाखल घेऊन त्याची माहिती वाचकांस करून देण्याचें आम्हीं योजिलें आहे. वर्ग आहे प्राथमिक बीजगणिताचा.

"बीजगणित तर आम्ही शाळेंतच शिकलों!" असें आमचे विद्यार्थी म्हणतील, आणि तें खरेंच आहे. महाराष्ट्रांत नववी-दहावीच्या गणिताचा पहिला भाग बीजगणिताचाच असतो. अमेरिकेंतही हा विषय हायस्कुलांत शिकवितात. तरीसुद्धां तेथील कम्युनिटी कॉलेजांत, म्हणजे दोन वर्षांच्या सार्वजनिक कॉलेजांत, तो पुनः शिकविला जातो. इलिनॉय राज्यांतील जोलिएट येथें १९०१ सालीं असें एक कॉलेज निघालें व तें अद्याप चालू आहे. या संस्थांचा दरवाजा बहुतेक सर्वांस उघडा असतो. नुकताच हायस्कुलांतून आलेला मुलगा, सैन्यांतून परतलेला शिपाई, मुलें मोठीं झाल्यावर पुनः पुस्तक हातीं धरणारी आई, हीं सर्व एकाच बांकावर बसतात. वीस वर्षांपूर्वीं शिकलेलें समीकरण कोणास आठवणार? तेव्हां एकघाती समीकरणें, असमानता, सरळ रेषेचा आलेख, दोन अव्यक्तांचीं समीकरणें, घातांक, अवयव पाडणें, आणि शेवटीं वर्गसमीकरण, असा क्रम पुनः पहिल्यापासून सुरू होतो.

येथें पालकांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. हा वर्ग बहुतेक ठिकाणीं पदवीच्या हिशेबांत धरला जात नाहीं. फी भरावी लागते, सत्र खर्चीं पडतें, आणि पदवी मात्र एका पावलानेंही जवळ येत नाहीं. प्रवेशाच्या वेळीं एक लहानशी परीक्षा घेत. तींत कोणी हयगय केली कीं त्याची रवानगी या वर्गांत होई, आणि कित्येक जण येथेंच अडकून कॉलेजास रामराम ठोकीत. याविरुद्ध बरीच ओरड झाली. फ्लॉरिडा राज्यानें २०१३ सालीं कायदा करून अनेक विद्यार्थ्यांस असे पूर्वतयारीचे वर्ग ऐच्छिक केले. कॅलिफोर्नियानें २०१७ सालीं कायदा केला. विद्यार्थ्याची पायरी ठरवितांना कम्युनिटी कॉलेजांनीं त्याचे हायस्कुलांतील गुण विचारांत घ्यावे, आणि एका वर्षाच्या आंत तो पदवीस उपयोगी पडणाऱ्या गणितांत उत्तीर्ण होण्याचा संभव शक्य तितका वाढवावा, असें त्यांत म्हटलें आहे. न्यूयॉर्क शहराच्या विद्यापीठानेंही २०२३ पर्यंत असे जुन्या धर्तीचे वर्ग बंद केले. इतरत्र पुष्कळ ठिकाणीं ते चालू आहेत. म्हणून जाणाऱ्यानें आपलीं शाळेंतील गुणपत्रकें नीट जपून न्यावीं; आणि प्रवेशाची परीक्षा असेल तेथें ती "सोपीच आहे" म्हणून उजळणीशिवाय देऊं नये. दोन वर्षें न हाताळलेले अपूर्णांक आयत्या वेळीं दगा देतात.

आतां मुख्य गोष्टीकडे वळूं. आपल्याकडे सिलॅबस म्हणजे नेमलेल्या प्रकरणांची यादी. अमेरिकेंत याच शब्दाचा अर्थ पुष्कळ व्यापक आहे. पहिल्याच दिवशीं प्राध्यापक कांहीं पानांचा एक मजकूर देतात अथवा संगणकावर ठेवतात. त्यांत प्रकरणें तर असतातच. शिवाय कोणत्या तारखेस कोणती परीक्षा, कशास किती टक्के गुण, उशीर झाल्यास काय, गैरहजिरी किती चालेल, गणकयंत्र कोणतें चालेल, कोणाची मदत घेतां येईल व कोणाची नाहीं, हें सर्व लिहिलेलें असतें. तो कागद म्हणजे प्राध्यापक व विद्यार्थी यांच्यामधील करारपत्रच म्हणाना. कोर्टांतला करार नव्हे. पण मार्च महिन्यांत विद्यार्थी कांहीं सबब सांगूं लागला कीं प्राध्यापक शांतपणें त्याच कागदाकडे बोट दाखवितात. कित्येक प्राध्यापक तर पहिल्या आठवड्यांत या कागदावरच लहानशी परीक्षा घेतात. आमच्या एका माजी विद्यार्थ्यास हा पोरखेळ वाटला होता. त्यानें तो कागद न वाचतां ठेवून दिला, व त्याचें फळ त्यास कसें मिळालें तें पुढें येईल.

त्या कागदांत बहुधा आरंभींच अभ्यासाच्या तासांचा उल्लेख असतो. तेथें विषयाचें वजन क्रेडिटांत मोजतात. सरकारी व्याख्येप्रमाणें एक क्रेडिट म्हणजे सुमारें पंधरा आठवडे दर आठवड्यास वर्गांत एक तास आणि वर्गाबाहेर निदान दोन तास काम. तेव्हां तीन क्रेडिटांचा विषय घेतला तर आठवड्यास नऊ तास, आणि अशीं बारा क्रेडिटें घेतलीं तर छत्तीस तास झाले. परीक्षेच्या आधीं पंधरा दिवस रात्रीचा दिवस करण्याची जी आपली जुनी संवय, तिला तेथें जागाच नसते. कारण गुण पहिल्या आठवड्यापासून मोजले जातात.

ते कसे मोजले जातात, हें आंकड्यांनीं पाहूं. समजा, सिलॅबसांत असें आहे कीं गृहपाठास १५ टक्के, लहान परीक्षांस १५, तीन चांचण्यांस मिळून ४५ व अखेरच्या परीक्षेस २५. आणि ७० मिळाल्यास सी श्रेणी, जिच्यावांचून पुढील वर्गांत जातां येत नाहीं. एका विद्यार्थ्यास गृहपाठांत शेकडा ९०, लहान परीक्षांत ८०, चांचण्यांत सरासरी ६५ आणि अखेरच्या परीक्षेंत ५८ मिळाले. आपल्याकडील हिशेबानें तो सहज पास. तेथें मात्र १३.५, १२, २९.२५ व १४.५ यांची बेरीज ६९.२५ होते, आणि सत्र वायां जातें. अखेरच्या परीक्षेंत त्यास किती हवे होते? ते गुण क्ष माना. ५४.७५ + ०.२५क्ष = ७०; म्हणून क्ष = ६१. तीन गुणांनीं गाडी चुकली. परंतु खरी चूक तेथें नव्हतीच. गृहपाठ एकंदर पंधरा होते, म्हणजे प्रत्येकाचें वजन एक टक्का. चौदा गृहपाठांत त्यानें १४ पैकीं १३.५ मिळविले, दुसऱ्या आठवड्यांतील एक मात्र "एकानें काय होतें" म्हणून दिलाच नाहीं. तो देऊन त्यांत बारा आणे गुण मिळविले असते, तरी बेरीज बरोबर ७० झाली असती. उशिरां दिलेला गृहपाठ पुष्कळ ठिकाणीं घेतच नाहींत. चुकलेली चांचणीही सहसा पुनः घेत नाहींत. कांहीं प्राध्यापक त्याऐवजीं सर्वांत कमी गुणांची एक चांचणी सोडून देतात. ही सवलत आहे कीं नाहीं, तेंही त्याच कागदांत पाहावें.

उत्तर कसें लिहावें याविषयींचा नियम आम्हांस स्वतःस फार आवडतो. केवळ उत्तर लिहून चालत नाहीं. रीत दाखवावी लागते. ३(क्ष − ४) = २क्ष + ५ हें समीकरण घ्या. याचें उत्तर १७. एकानें घाईंत कंसांतील दुसऱ्या पदास तीननें गुणलें नाहीं व ३क्ष − ४ = २क्ष + ५ असें लिहून क्ष = ९ काढलें. पायऱ्या लिहिलेल्या असतील तर तपासणाऱ्यास दिसतें कीं चूक एकच आहे, बाकीची रीत शुद्ध आहे. तो कांहीं गुण राखून ठेवतो. नुसतें ९ लिहिलें असेल तर शून्य. शिवाय ताळा पाहिला असता तर त्यास स्वतःसच समजलें असतें : क्षच्या जागीं ९ घातले तर डावीकडे १५ येतात आणि उजवीकडे २३. तसेंच शाब्दिक उदाहरणांत अव्यक्त म्हणजे काय, हें आरंभींच लिहावें असा आग्रह असतो : "क्ष म्हणजे तिकिटांची संख्या" असें. हा आग्रह आपल्याकडे नवा नव्हे. भास्कराचार्यांनीं बाराव्या शतकांत बीजगणित लिहिलें, त्यांत अव्यक्तांस यावत्तावत्, कालक, नीलक, पीतक अशीं नांवें देऊनच ते पुढें जातात. (अ + ब) चा वर्ग म्हणजे अवर्ग अधिक बवर्ग, ही चूक तर समुद्र ओलांडूनही बदलत नाहीं. तीन आणि चार घालून पाहावे : एकीकडे ४९, दुसरीकडे २५.

आतां जो नियम आमच्या मुलांस सर्वांत अधिक नडतो, तो सांगतों. वर उल्लेखिलेला आमचा माजी विद्यार्थी स्वभावानें उदार. वर्गांतील एका मित्रास उदाहरणें सुटेनात, तेव्हां त्यानें आपली वही त्यास रात्रभर दिली. आपल्याकडे वही न देणारा मुलगा आपमतलबी ठरतो. तेथें दोघांचाही गृहपाठ शून्य धरला गेला आणि प्रकरण वरच्या कचेरीकडे गेलें. नकल करणारा व करूं देणारा हे दोघेही सारखेच दोषी, असें सिलॅबसांत स्पष्ट लिहिलें होतें. बरोबर बसून उदाहरणाची चर्चा करण्यास मनाई नव्हती. मात्र लिहितांना प्रत्येकानें आपलें आपण लिहावें, एवढीच अट होती. त्या मुलानें आम्हांस पत्रांत लिहिलें कीं, "मीं चोरी केली नाहीं, मदत केली." त्याचें दुःख आम्हांस समजलें; पण नियमही आम्हांस अन्यायाचा वाटला नाहीं. त्याच्या मित्रास त्या रात्रीं उत्तरें मिळालीं, बीजगणित मिळालें नाहीं. हल्लीं यांत आणखी एका गोष्टीची भर पडली आहे. उदाहरणाचा फोटो काढला कीं फोन पायऱ्यांसकट उत्तर देतो, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचीं साधनें तर समजावूनही सांगतात. एक प्राध्यापक तीं अभ्यासास वापरूं देतात, दुसरे मुळींच देत नाहींत. विचारल्यावांचून हात लावूं नये हेंच बरें, कारण चांचणीच्या दालनांत फोन बाहेर ठेवावा लागतो.

मदत मिळवावी कोठें मग? तिची सोय भरपूर आहे. आमचीं मुलेंच ती घेत नाहींत. प्रत्येक प्राध्यापक आठवड्यांतील ठराविक वेळीं आपल्या खोलींत केवळ विद्यार्थ्यांसाठीं बसतात. या तासांस ऑफिस अवर्स म्हणतात. आपल्याकडे गुरुजींच्या खोलींत बोलावणें आलें कीं पोटांत गोळा उठतो, आणि शंका विचारणें म्हणजे आपलें अज्ञान चव्हाट्यावर मांडणें असें वाटतें. तेथें न जाणाऱ्यासच बेपर्वा समजण्याचा संभव अधिक. मात्र "कांहींच समजलें नाहीं" असें म्हणत जाऊं नये. आपण किती पायऱ्या केल्या व कोणत्या पायरीवर अडलों, तो कागद घेऊन जावा. गणिताच्या शिकवणीसाठीं स्वतंत्र दालनही बहुतेक कॉलेजांत असतें, आणि तेथें वेगळी फी सहसा पडत नाहीं.

पालकांसाठीं दोन-तीन गोष्टी सांगावयाच्या राहिल्या. कॉलेजाकडे पत्र लिहून मुलाचे गुण विचारावे, असें मनांत आणूं नये. १९७४ च्या कायद्यानें कॉलेजांत गेलेल्या विद्यार्थ्याच्या नोंदींवरील हक्क त्याचा स्वतःचा असतो. त्याच्या लेखी संमतीवांचून त्या साधारणतः आईबापांसही मिळत नाहींत. फी आपण भरतों हा युक्तिवाद तेथील खिडकीवर चालत नाहीं. तेव्हां मुलाशींच मोकळेपणानें बोलत राहावें, हा एकच मार्ग उरतो. दुसरें, ज्यास वाचण्या-लिहिण्याची अडचण अथवा कांहीं व्याधि असेल त्यास १९९० च्या अपंगांविषयींच्या कायद्यान्वयें परीक्षेंत जादा वेळ वगैरे सवलती मिळूं शकतात. पण त्यासाठीं त्यानें स्वतः कॉलेजाच्या संबंधित कचेरींत नांव नोंदवून पत्र आणावें लागतें. चांचणी होऊन गेल्यावर आणलेलें पत्र मागील गुणांस लागू पडत नाहीं. लोकलज्जेस्तव ही गोष्ट झांकून ठेवणारीं घरें आम्हीं पाहिलीं आहेत.

तिसरी गोष्ट सर्वांत नाजूक. विषय झेपत नाहीं असें दिसल्यास ठराविक तारखेपर्यंत तो सोडतां येतो. मग गुणपत्रकावर नापासाची श्रेणी न येतां केवळ सोडल्याची खूण येते. स्थानिक विद्यार्थी हें करतात व पुढील सत्रांत पुनः बसतात. आपल्या मुलाचें तसें नाहीं. विद्यार्थ्याच्या एफ-१ व्हिसावर पदवीपूर्व शिकणाऱ्यास साधारणपणें प्रत्येक सत्रांत निदान बारा क्रेडिटें ठेवावीं लागतात. बाराच घेतलीं असतां त्यांतून तीन क्रेडिटांचें बीजगणित सोडलें, तर नऊ उरतात, आणि पूर्वपरवानगीवांचून असें केल्यास त्याचें त्या देशांतील वास्तव्यच धोक्यांत येतें. म्हणून सोडण्याचा कागद भरण्याआधीं परदेशी विद्यार्थ्यांच्या कचेरींत जाऊन तेथील अधिकाऱ्यास विचारणें भाग आहे. नंतर विचारून उपयोग नाहीं.

शेवटीं आमच्या बीजगणितप्रिय वाचकांसाठीं एक उदाहरण देतों. टक्केवारी वरीलप्रमाणेंच धरावी. एका विद्यार्थिनीस गृहपाठांत ८०, लहान परीक्षांत ७० व तीन चांचण्यांत सरासरी ७२ मिळाले आहेत. अखेरची परीक्षा अद्याप व्हावयाची आहे. सी श्रेणीसाठीं ७० व बी श्रेणीसाठीं ८० लागतात. प्रत्येक श्रेणीसाठीं तिला अखेरच्या परीक्षेंत किती गुण हवे, तें क्ष मानून काढावें. आणि दोहोंपैकीं एक उत्तर शंभरांहून अधिक येईल, त्याचा अर्थ तिनें काय घ्यावा, तेंही लिहावें.