पाहुणे पहाटे उतरतात, खोली दुपारी मिळते

मैत्रिणींनो, यंदा तुळशीची लग्ने लागल्यावर तुमच्या घरी कार्य निघायचे असेल आणि लेकीने किंवा लेकाने ‘आई, कार्यालय नको, कुठेतरी बाहेरगावी करू या’ असा हट्ट धरला असेल, तर हे चार शब्द तुमच्यासाठी. ‘डेस्टिनेशन वेडिंग’ हा शब्द आता आपल्या स्वयंपाकघरापर्यंत येऊन पोहोचला आहे. लगेच नाक मुरडू नका बरं! वऱ्हाड परगावी जायचे, ही आपल्याकडे काही नवलाई नाही. बैलगाड्यांतून गेले, एस.टी.ची आख्खी गाडी ठरवून गेले आणि रंगमंचावर तर लक्ष्मण देशपांड्यांनी ते एकट्याच्या बळावर लंडनलाही नेले.

फरक आहे तो वेगळाच. पूर्वी एक पक्ष परगावचा असला तरी दुसरा त्या गावचा असे. त्याच्या पाठीशी सगळी आळी उभी राही. जानवसघरासाठी कोणी आपली माडी मोकळी करून देई, कोणाकडून गाद्या येत, कोणाकडून पाणी तापवायचा बंब. कोणी पाहुणीबाई रुसलीच, तर शेजारची एखादी जाणती बाई तिला आपल्या घरी नेऊन चहा पाजी, चार शब्द ऐकून घेई आणि समजूत घालून परत आणून सोडी. आता दोन्ही पक्ष परके. आळी नाही, शेजारीण नाही, स्वतःची चूलसुद्धा नाही. सगळा भार आला यजमानीणबाईवर, आणि ती बिचारी फुलांच्या कमानीत अडकलेली!

बिचारी म्हणते खरी, पण ती मीच होते.

तीन वर्षांपूर्वी आमच्या लेकीचे लग्न गणपतीपुळ्याला झाले. कोकण रेल्वेचा सगळा मार्ग २६ जानेवारी १९९८ ला सुरू झाला, तेव्हापासून मुंबईकरांना कोकण अंगणात आल्यासारखे वाटते. रात्री गाडीत बसायचे आणि पहाटे रत्नागिरीला उतरायचे. आम्ही पाहुण्यांना तेच सुचवले. सोयीचेच होते. पण पहाटे उतरलेल्या माणसाला रिसॉर्टवाले खोली देतात ती दुपारी बाराला, हे काही माझ्या ध्यानात आले नव्हते. तारखा पाहिल्या, भाव पाहिले, जेवणाचे पदार्थ तर चारदा बदलले, पण पहाटेपासून दुपारपर्यंत माणसांनी काय करायचे, हे कोणी विचारलेच नाही.

त्या गाडीने आमच्या वन्सं येणार होत्या. ह्यांच्या थोरल्या बहिणी, वय बहात्तर. कॉलेजची चार वर्षे हे त्यांच्याकडेच राहिले. भल्या पहाटे उठून डबा करून द्यायच्या त्या. स्टेशनवर आम्ही दोन गाड्या पाठवल्या होत्या. व्याह्यांकडची माणसे त्याच गाडीने उतरली. पुतण्याने त्यांना मोजून बसवले, गाड्या भरल्या आणि निघाल्या. वन्संचा डबा शेवटचा. जिना चढून-उतरून त्या बाहेर येईपर्यंत स्टेशन रिकामे! दीड तास बाकावर बसल्या आणि मग स्वतःच्या पैशांनी रिक्षा करून तासाभराने येऊन पोहोचल्या. दारातल्या मुलींनी हसून गुलाबपाणी शिंपडले, पेढा दिला. काउंटरवरच्या मुलाने ओळखपत्र मागितले. त्याचे चुकले नाही, तो नियमच आहे. पण भाच्चीच्या लग्नाला आलेल्या आत्याला पहिला प्रश्न ‘आधार कार्ड आहे का?’ हा! खोली बाराला मिळेल म्हणाले. रात्रभराच्या प्रवासाची, मधुमेह असलेली बाई पिशवी मांडीवर घेऊन तिथे बसून राहिली. गुलाबपाणी मिळाले, पण न्हाणीघर कुठे आहे ते कोणी सांगितले नाही.

मी तेव्हा रुखवताच्या मांडणीवरून सजावटवाल्याशी हुज्जत घालत होते. मला अकराला कळले. धावत गेले, तर म्हणाल्या, “असू दे गं, लग्नघर आहे.” दोन दिवस हसतमुखाने वावरल्या, फोटोंतही हसल्या. निघून गेल्यावर खोली पाहायला गेले, तर त्यांना दिलेली मानाची साडी पलंगावर घडीसुद्धा न मोडता ठेवलेली होती.

पुढे सहा महिने फोनवर ‘हो’ आणि ‘बरं’ एवढेच.

आता सांगते ते पुस्तकातले नव्हे. आपल्याकडे सीमांतपूजन असते ना? आपण बोलताना त्याचे श्रीमंतपूजन करून टाकले, पण मूळ शब्दात गावाची सीमा आहे. वरपक्ष वेशीवर आला की वधूपक्षाने तिथवर जाऊन सामोरे व्हायचे. परगावच्या लग्नात आपली वेस कुठली? रिसॉर्टची कमान? छे! आपली वेस म्हणजे स्टेशनचा फलाट. तिथे आपले माणूस हवे, आणि तेही नुसते गाडीचा नंबर पाठवणारे नव्हे. हातात छापील यादी, यादीत नाव, डबा, बरोबर किती माणसे, गुडघे दुखतात का, हे सगळे. शेवटच्या नावावर खूण होईपर्यंत त्याने फलाट सोडायचा नाही. व्याह्यांसाठी गाडी वेगळी आणि घरच्या म्हाताऱ्या माणसांसाठी वेगळी. घरच्यांना ‘आपलेच आहेत, थांबतील’ म्हणून मागे ठेवायची आपल्याला वाईट खोड आहे, आणि आपलेच माणूस जास्त दुखावते.

गाडीत पाण्याची बाटली, बिस्किटे, आलेपाक आणि दोन-चार कागदी पिशव्या ठेवा. कोकणातला रस्ता वळणाचा, आणि रिकाम्या पोटी कोणाला उमळून येईल सांगता येत नाही.

खोल्यांचे असे करा. सगळ्या खोल्या आदल्या रात्रीपासून घेणे कोणाला परवडणार? पण तीन खोल्या घ्या. एक बायकांना, एक पुरुषांना आवरायला आणि एक ज्यांना आडवे व्हायचे आहे त्यांना. गरम पाणी, साबण, धुतलेले पंचे, आरसा आणि पदराला लावायच्या पिनांची डबी. एवढ्यावर सकाळ निभते. ओळखपत्रांची चित्रे आठवडाभर आधी व्हॉट्सअ‍ॅपवर मागवून यादीसकट काउंटरवर देऊन ठेवा आणि पाहुण्यांना बसल्या जागी फक्त सही करू द्या. खोली कोणाला कुठली, हे मानापेक्षा गुडघ्यांवरून ठरवा. तळमजला आजीला, समुद्र दिसणारा वरचा मजला तरुणांना. विहीणबाईंना खोली वरची वाटली, तर आधीच विचारा. मागाहून समजूत काढण्यापेक्षा ते सोपे.

स्वागताला काय द्यावे? रंगीत सरबतांचे उंच पेले मला मुळीच आवडत नाहीत. आपल्याकडे उन्हातून, प्रवासातून आलेल्याला गूळ-पाणी द्यायची रीत आहे, तीच ठेवा. कोकणात आहात तर कोकम सरबत किंवा शहाळे. मात्र पहाटे आलेल्या माणसाला आधी चहा हवा असतो, आणि त्यात एक किटली बिनसाखरेची असू द्या. पोहे-उपमा आठला तयार असले पाहिजेत. मधुमेहाच्या माणसाला ‘सगळे जमले की बसू’ म्हणणे बरे नव्हे. नवरामुलगा उतरला की भाकरतुकडा ओवाळून टाकावा, पायांवर पाणी घालावे. याला पाच मिनिटे लागतात आणि म्हाताऱ्या माणसांचे डोळे निवतात.

निमंत्रणाविषयी बोलायला हवे, कारण अर्धी नाराजी तिथेच सुरू होते. रेल्वेचे आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडते. लग्नसराई आणि पर्यटक यांची एकच गर्दी होते, म्हणून पत्रिका छापण्याची वाट न पाहता तारीख कळवा आणि आरक्षण कोणत्या दिवशी उघडेल तेही मोजून कळवा. तिकीट कोणी काढायचे, राहण्याचा खर्च कोणाचा, हे मोकळेपणाने सांगा. ‘तुम्ही फक्त या हो!’ याचा अर्थ प्रत्येक घरात वेगळा लागतो. निवृत्तिवेतनावर राहणारे जोडपे जाण्यायेण्याचे पैसे आणि आहेर यांचा हिशोब करून शेवटी ‘तब्येत बरी नाही’ असे कळवते. तशा एक-दोन घरांची तिकिटे गुपचूप काढून द्या, आणि पत्रिकेत ‘आहेर नको’ असे ठळक छापा. अक्षत द्यायला मात्र जवळच्यांकडे स्वतः जावे. मोबाइलवर आलेल्या चित्राने मान राखला जात नाही.

समुद्राचा मोह फार होतो. पण वाळूत विधी करायचा म्हणजे खुर्च्यांचे पाय रुततात, वारा होमाला धड पेटू देत नाही, अक्षता भलतीकडे उडतात आणि मंगलाष्टके लाटांच्या आवाजात बुडतात. फोटो तिथे काढा, लग्न मांडवातच लावा. शिवाय पुळ्याचा समुद्र दिसतो तसा शांत नाही. तिथे माणसे बुडाली आहेत. पोरांवर एक दांडगा मामा नेमून ठेवा. पाहुण्यांना एक दुपार मात्र पूर्ण मोकळी द्या. तिथे डोंगरच देव मानलेला आहे, त्यामुळे प्रदक्षिणा देवळाला नसून साऱ्या टेकडीला घालायची असते. म्हाताऱ्या माणसांची ती इच्छा असते आणि कार्यक्रमपत्रिकेत हळद, संगीत, मेंदी यांच्या गर्दीत ती राहून जाते. (त्याच दुपारी पुरुषमंडळी बांगडा खायला कुठे गुपचूप पसार होतात, ते विचारू नका.)

पु. ल. देशपांड्यांचा नारायण तुम्हांला ठाऊकच आहे. असा कोणी घरात असेल तर नशीब. नसेल तर नेमावा लागतो. मागच्या वर्षी धाकट्या दिरांच्या मुलाचे लग्न पुन्हा त्याच गणपतीपुळ्याला ठरले. मी अक्षत घेऊन एकटीच वन्संकडे गेले. कुंकू लावले आणि म्हटले, “वन्सं, मागच्या वेळी माझं चुकलं.” त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. आत जाऊन चहा टाकला. मग म्हणाल्या, “गाडीचं राहू दे गं. दीड तास मी तिथे बसले, तेव्हा वाटलं, मी आले की नाही हे कुणी मोजलंच नसेल.”

चहा झाल्यावर म्हणाल्या, “यादी कोणाकडे आहे? मला दे.”

त्या दोन दिवस आधी आल्या. पहाटे पाचला रत्नागिरीच्या फलाटावर शाल गुंडाळून उभ्या, एका हातात यादी, दुसऱ्या हातात थर्मास. एक म्हातारे मामा चुकून पुढच्या दाराने बाहेर गेले, तर पुतण्याला पिटाळून शोधून आणले आणि मगच गाड्या सोडल्या.

आणखी एक. ज्यांना यायला जमत नाही ते बहुधा आपल्या रोजच्या आयुष्यातलेच असतात. खालच्या मजल्यावरच्या आजी, कामाला येणाऱ्या ताई, मुलांना लहानपणी शाळेत सोडणारे रिक्षावाले काका. परतल्यावर त्यांना घरी जेवायला बोलवा आणि नवरानवरीला वाढायला लावा. उरलेल्या मिठाईचे खोके धाडू नका. गृहप्रवेशाचे मापही तिथल्या खोलीच्या दारात ओलांडून घेऊ नये, असे मला वाटते. ते आपल्याच उंबऱ्यावर, चार शेजारणींच्या देखत व्हावे.

निघणाऱ्यांना शिदोरी द्यायला विसरू नका. दशम्या, कोरडी चटणी, दोन लाडू. येणाऱ्याचे कौतुक सगळे करतात, पण जाणाऱ्याच्या वेळी यजमान बिलाच्या हिशोबात असतात, आणि पाहुणा आपली पेटी आपणच ओढत फाटकाकडे जातो. शेवटची गाडी सुटेपर्यंत घरातले एक जण तरी फाटकापाशी हवे. त्या दिवशी वन्संना सोडायला मी स्वतः स्टेशनवर गेले. डबा दिला, तो घेतला.

ती साडी मात्र अजून माझ्या कपाटात आहे. त्या दिवशीही पिशवीत घालून नेली होती. गाडी आली, हात धरून त्यांना चढवले, आणि ती पिशवी तशीच माझ्या खांद्यावर घरी आली.