गर्भाची पहिली शिदोरी

बारामती व इंदापूर हे पुणें जिल्ह्याच्या पूर्वेकडील तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंत येतात. नीरेच्या कालव्यानें तेथें ऊंस आणिला आणि उंसाच्या वाढ्यांवर दुधाचा धंदा पोसला. गोठ्यांत आतां बहुधा होल्स्टीन जातीच्या संकरित गाई दिसतात. उन्हाळ्यांत त्यांच्याविषयीं एक तक्रार ठरलेली असते. गाय माजावर येते, भरविली जाते आणि तीन आठवड्यांनीं उलटते. दोष रेताला किंवा रेतन करणाऱ्याला दिला जातो; पुष्कळदां ते दोन्ही निरपराध असतात.

खरा प्रकार समजण्यासाठीं गाईचें स्त्रीबीज पाहिलें पाहिजे. सस्तन प्राण्याचें बीज प्रथम ओळखलें तें कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर यानें, १८२७ सालीं. तें एका कुत्रीचें होतें. गाईचें बीज मिलिमीटरच्या सुमारें एक-अष्टमांश रुंदीचें असतें. शुक्रबीज त्यापुढें अगदीं चिमुकलें. तें पित्याचा अर्धा वारसा आणतें, बीजाला जागें करतें. पण शिधा असा फारसा आणीत नाहीं.

नवल पुढेंच आहे. नव्या गर्भाचा स्वतःचा वारसा प्रथम जवळजवळ मूक असतो. एकाच्या दोन, दोहोंच्या चार पेशी होतात त्या आईनें बीजांत भरून ठेविलेल्या सामग्रीवर. उंदराचा गर्भ दोन पेशींचा, मनुष्याचा चार ते आठ, आणि गाईचा आठ ते सोळा पेशींचा झाल्यावरच स्वतःचीं गुणसूत्रें नेटानें वाचूं लागतो. गाईच्या बाबतींत यास तीन-चार दिवस जातात. २००० सालीं ‘मेटर’ नांवाचें जनुक काढून टाकलेल्या उंदराच्या माद्यांवर प्रयोग झाले. माद्या धडधाकट, बीजांचें फलनही होई, परंतु गर्भ दोन पेशींवरच थांबे. हें नांव मातेवरून पडलें आणि तें यथार्थ आहे.

बीजाच्या आंत तंतूंच्या बारीक जाळ्या असतात. त्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकांत अनेक दशकें दिसत होत्या, पण त्यांचें काम काय याविषयीं तर्कच चालत. जर्मनींतील ग्योटिंगेन येथें मेलिना शू यांच्या सहकाऱ्यांनीं २०२३ सालीं दाखविलें कीं, गर्भाला लागणारीं प्रथिनें याच जाळ्यांवर सांठविलेलीं असतात. जाळ्या नसल्या तर कोठारच नाहींसें होतें.

हें कोठार भरण्यास आठवडे लागतात. म्हणून उन्हाचा मार बीजाला माजाच्या दिवसापूर्वींच बसलेला असतो. पहिल्या दिवसाचा गर्भही उष्णतेनें सहज मोडतो; तिसऱ्या दिवसानंतर मात्र तो तीच उष्णता पुष्कळ सोसतो. यासाठींच सात दिवसांचा तयार गर्भ गाईच्या गर्भाशयांत ठेवण्याची पद्धत उन्हाळ्यांत उपयोगी पडते. प्रयोगशाळेंत फलन केलेल्या बीजापासून म्हशीचें पहिलें पारडूं कर्नाल येथील राष्ट्रीय संस्थेंत १९९० सालीं जन्मलें. मात्र ही पद्धत खर्चाची आहे. सामान्य गोठेवाल्यानें फाल्गुनापासूनच उंच छप्पर, सावली, मुबलक पाणी व दुपारीं अंगावर फवारा यांची सोय करावी. भरविण्याच्या दिवशींच गाय गार करून भागत नाहीं. पाऊस पडल्यावरही ती एक-दोनदां उलटली तर लगेच बाजार दाखवूं नये. तिच्या बीजकोशांत तेव्हांही वैशाखांत पोसलेलीं बीजें शिल्लक असतात.