नाव एक, व्याख्या दोन

लेख वर्डमध्ये लिहिला आणि तपासला जातो, पान मात्र इनडिझाइनमध्ये लागते. मजकुराला रूप देण्याचे दोन्हीकडचे मुख्य साधन म्हणजे स्टाईल. फाँट, आकार, ओळींमधले अंतर, परिच्छेदाची सुरुवात अशा अनेक सूचनांना मिळून दिलेले नाव म्हणजे स्टाईल. पुस्तकातल्या दोनशे उपशीर्षकांना 'उपशीर्षक' ही स्टाईल दिलेली असली, तर आकार एका जागी बदलला की दोनशे ठिकाणी बदलतो. अडचण येते ती एकाच नावाच्या दोन व्याख्या समोरासमोर आल्यावर.

समजा, दिवाळी अंकासाठी आलेल्या लेखात 'उपशीर्षक' 16 पॉइंटचे आणि निळे आहे, तर अंकाच्या साच्यात त्याच नावाची स्टाईल 14 पॉइंटची, काळी आणि ठळक आहे. फाइल पानावर आणताना 'शो इम्पोर्ट ऑप्शन्स'वर खूण केली, तर या पेचावर तीन पर्याय मिळतात. पहिल्यात इनडिझाइनची व्याख्या कायम राहते आणि लेख साच्याचे रूप घेतो. दुसऱ्यात वर्डची व्याख्या इनडिझाइनच्या व्याख्येवर चढते. हा पर्याय सर्वांत धोक्याचा, कारण त्याच दस्तऐवजात आधी लावून ठेवलेल्या इतर लेखांची उपशीर्षकेही निळी होतात. तिसऱ्यात दोन्ही राहतात आणि वर्डकडून आलेल्या स्टाईलच्या नावाला '_डब्ल्यूआरडी_1' अशी शेपटी रोमन अक्षरांत लागते. नुकसान टळते, पण काही लेखांनंतर स्टाईलच्या यादीत जुळ्यांची गर्दी होते.

हे तिन्ही पर्याय नाव तंतोतंत जुळले तरच लागू होतात. 'उपशीर्षक' आणि 'उप-शीर्षक' ही संगणकाच्या लेखी दोन वेगळी नावे आहेत. रोमन नावांत लहान-मोठ्या अक्षराचा फरकही धरला जातो. अशा वेळी 'स्टाईल मॅपिंग' उपयोगी पडते. वर्डमधली कोणती स्टाईल इनडिझाइनमधल्या कोणत्या स्टाईलने बदलायची, याची जोडी त्या तक्त्यात लावता येते.

नावे जुळवूनही काही ओळी वेगळ्या दिसतात. लेखकाने स्टाईल न वापरता शब्द निवडून हाताने ठळक केलेले असतात. असा बदल इनडिझाइनमध्ये 'ओव्हरराइड' म्हणून येतो आणि स्टाईलच्या नावापुढे अधिक चिन्ह दिसते. ऑल्ट दाबून त्या नावावर क्लिक केले की ओव्हरराइड निघून जातो, पण त्याबरोबर लेखकाने मुद्दाम ठळक केलेली ग्रंथांची नावेही साधी होतात. म्हणून हाताने केलेले ठळक शब्द आधी 'फाइंड-चेंज'ने शोधून त्यांना कॅरेक्टर स्टाईल, म्हणजे निवडलेल्या अक्षरांपुरती स्टाईल, द्यावी आणि मगच सफाई करावी. कॅरेक्टर स्टाईल या सफाईत टिकून राहते.

मराठी मजकुरात आणखी काही गुंते असतात. वर्ड रोमन आणि देवनागरी अक्षरांचे फाँट, आकार आणि ठळकपणा वेगवेगळे नोंदवतो. एकाच स्टाईलमध्ये रोमन अक्षरे 12 पॉइंटची आणि देवनागरी 14 पॉइंटची असू शकतात. स्टाईल बदलताना देवनागरीची नोंद तशीच राहिली, की 'बदलूनही बदलत नाही' अशी तक्रार होते. इनडिझाइनमध्ये परिच्छेदाच्या स्टाईलला 'वर्ल्ड-रेडी' कंपोजर लावलेला हवा. तो नसेल तर वेलांट्या जागा सोडतात आणि जोडाक्षरे फुटतात. बाहेरून नवी स्टाईल आली की ही नोंद तपासावी लागते. भाषेची नोंदही महत्त्वाची आहे. काही फाँटांमध्ये 'ल' आणि 'श' यांची मराठी व हिंदी अशी दोन्ही वळणे असतात आणि भाषा 'मराठी' असेल तरच मराठी वळण मिळते.

युनिकोडपूर्व फाँटांत टंकलेल्या फाइलींची गोष्ट वेगळी. श्री-लिपी किंवा आकृतीच्या जुन्या फाँटांत देवनागरी आकारांमागे दुसऱ्याच अक्षरांचे संकेत असतात. अशा मजकुरावर युनिकोड फाँटची स्टाईल पडली, तर लेखाचा वाचता न येणारा गोंधळ होतो. म्हणून आधी मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यायचा आणि स्टाईलचा विचार त्यानंतर करायचा.

काही संपादकीय विभागांत वर्डऐवजी इनकॉपी वापरतात. तिथे एकाच पानावर दोघे काम करतात. मांडणीकार चौकट आखतो आणि संपादक तिच्यातला मजकूर 'चेक आउट' करून दुरुस्त करतो. तेवढा वेळ तो मजकूर इतरांना बदलता येत नाही. इनकॉपीत स्वतंत्रपणे तयार केलेल्या लेखाची स्टाईल आणि पानातली स्टाईल एकाच नावाची असेल, तर पानावर आणल्यावर इनडिझाइनचीच व्याख्या चालते. संपादकाच्या पडद्यावरचे रूप आणि छापील रूप यांत फरक दिसू शकतो तो यामुळेही.

या सगळ्यातून कामाची एक वाटणी निघते. मजकुराचा हा तुकडा शीर्षक आहे, उतारा आहे की तळटीप, हे संपादकाने स्टाईलच्या नावातून सांगावे. ते कसे दिसेल हे मांडणीकाराने ठरवावे. त्यासाठी अंकाचे काम सुरू होण्याआधी नावांची एकच यादी दोघांकडे असावी आणि त्याच नावांची रिकामी वर्ड फाइल टंकलेखकाला द्यावी. पहिला लेख लावताना केलेली स्टाईलची जुळवणी 'प्रीसेट' म्हणून जतन करता येते. पुढच्या लेखांना तोच प्रीसेट लागतो आणि पंचवीस लेखांच्या अंकात हा निर्णय एकदाच घ्यावा लागतो.